ईसीजीत ‘क्यूटी’ लांबला? आधी गोळ्यांची पिशवी दाखवा

ईसीजीच्या रिपोर्टवर ‘क्यूटी लांबलेला’ असे आले की घरात ‘खानदानी आजार’ हा शब्द फिरू लागतो. मुलीसाठी रिश्ते बघणे सुरू असेल तर विचारूच नका. पण हा दोष कित्येकदा रक्तात नसतो, गोळीत असतो.

ठोका पडल्यावर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर जाते आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी तयार होतात. ठोका सुरू झाल्यापासून या तयारीपर्यंतचा वेळ म्हणजे क्यूटी. पुरुषांत साधारण ४५० आणि बायकांत ४६० मिलिसेकंदांपर्यंत तो ठीक मानतात. ५०० च्या वर गेला की ठोके भरकटून माणूस बेशुद्ध पडू शकतो, जीवही जाऊ शकतो. आनुवंशिक आजाराच्या एका प्रकारात पोटॅशियमची ही वाटच जन्मतः सदोष असते. काही औषधे नेमकी तीच वाट अडवतात, म्हणून पट्टी सारखीच दिसते.

ही औषधे अनोळखी नाहीत. घशासाठी ॲझिथ्रोमायसिन, गजकर्णासाठी फ्लुकोनाझोल, ॲसिडिटीच्या गोळीत मिसळलेले डोम्पेरिडोन. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या दमट हवेत गजकर्ण हटत नाही आणि मेडिकलवाला चिठ्ठीशिवायही गोळ्या देतो. तिन्ही एकदम पोटात गेली, त्यात जुलाबाने पोटॅशियम उतरले, की धोका वाढतो. पोटासाठी दिले जाणारे सिसाप्राइड याच कारणाने जगभर मागे घेतले गेले. भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली.

औषधाला न दाद देणाऱ्या टीबीवरची बेडाक्विलिन, क्लोफाझिमिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन हीसुद्धा क्यूटी लांबवतात. म्हणून त्या उपचारात अधूनमधून ईसीजी काढतात. तो चुकवू नका, पण हे वाचून गोळ्याही बंद करू नका. अर्धवट सोडलेला टीबी घरभर पसरतो.

डॉक्टरांनी संशयित औषध थांबवल्यावर, ते शरीरातून गेले की, ईसीजी पुन्हा काढतात. क्यूटी जागेवर आला तर दोष बहुतेक औषधाचा. नाही आला, किंवा घरात कुणी तरुण अचानक गेलेले असेल, तर भावंडांचाही ईसीजी हवा. गोळीने त्रास झालेल्या काहींत सौम्य आनुवंशिक दोष लपलेला असतो, हेही खरे.

जन्मतः बहिरे मूल पळताना किंवा घाबरून बेशुद्ध पडत असेल तर मात्र थांबू नये. १९५७ मध्ये नॉर्वेत यर्वेल आणि लांगे-निल्सन यांनी नोंदवलेला हा आजार आई-बाप दोघांकडून येतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतो. अशा मुलाला मिरगी ठरवून वर्षानुवर्षे गोळ्या दिल्या जातात. शाळेत आम्ही मास्तर लोकही ‘नाश्ता केला नसेल’ म्हणून पाणी पाजून वर्गात बसवतो.