तळटीप २३ : बॅजरचा शेजार

२३. बॅजर : तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला युरोपातील निशाचर प्राणी, जमिनीखालच्या बिळांच्या जाळ्यात कुटुंबकबिल्याने राहतो. १९७१ मध्ये इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात एका मेलेल्या बॅजरमध्ये गुरांच्या क्षयाचे जंतू सापडले, आणि बॅजरांमुळे गुरांना क्षय होतो का व त्यासाठी त्यांना मारावे का, या लेखकाने उल्लेखलेल्या वादाला तोंड फुटले. याच परगण्यातील वुडचेस्टर पार्कमध्ये सत्तरच्या दशकापासून बॅजरांचा अभ्यास चालू आहे. शेंगदाणे व पाक यांत प्लास्टिकचे मणी कालवून बिळांपाशी ठेवतात, दर वसाहतीला निराळा रंग. मग कोणत्या रंगाचे मणी कुठल्या विष्ठेत निघतात, यावरून कळपांच्या हद्दी ठरतात. गळ्यातल्या यंत्रांनी कोण कोणाच्या किती जवळ आले हे टिपले, तेव्हा क्षयबाधित बॅजर आपल्याच गोतावळ्यात एकटे पडलेले, पण शेजारच्या कळपांशी अधिक जोडलेले आढळले. १९९८ पासूनच्या सरकारी प्रयोगात सरसकट बॅजर मारलेल्या भागांत गुरांचा क्षय घटला. सभोवतालच्या २ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र वाढला. हद्दींची घडी विस्कटून उरलेले बॅजर दूरवर भटकू लागले, हे त्याचे मुख्य कारण मानतात. – संपा.