ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय? पात्र तज्ज्ञ कसा ओळखावा?

फरीदाबाद : पक्षाघाताच्या झटक्यातून रुग्ण वाचतो, चालूही लागतो, परंतु सदऱ्याची गुंडी लावणे किंवा घास तोंडापर्यंत नेणे त्याला जमत नाही. फरीदाबादसारख्या औद्योगिक शहरात यंत्रात बोटे गेलेल्या कामगाराची जखम भरते, मात्र हातात पाना धरता येत नाही. अशा रुग्णांना पुन्हा स्वावलंबी करणाऱ्या शास्त्रास ऑक्युपेशनल थेरपी, अर्थात व्यवसायोपचार म्हणतात. येथे ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ नोकरी-धंदा नव्हे. अंघोळ, जेवण, लेखन, खेळ, स्वयंपाक अशी दिवसभरातील सर्व कामे त्यात येतात.

फिजिओथेरपीपेक्षा वेगळे काय?

फिजिओथेरपीचा भर प्रामुख्याने स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल व वेदना यांवर असतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ ती हालचाल प्रत्यक्ष कामात कशी उतरेल, हे पाहतो. त्यासाठी तो कृतींचा सराव करून घेतो, हाताला आधारपट्टी (स्प्लिंट) बनवून देतो, जाड मुठीचा चमचा किंवा न्हाणीघरात धरण्याची दांडी सुचवतो. अनेक रुग्णांना दोन्ही उपचारांची गरज भासते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा विकासातील विलंब असलेली मुले, मनोविकाराचे रुग्ण आणि स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध यांनाही या उपचाराचा उपयोग होतो.

मुंबईतून प्रारंभ

भारतात या शास्त्राच्या शिक्षणाची सुरुवात 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली. अमेरिकेत जन्मलेल्या व विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांनी हे विद्यालय सुरू केले. त्यांच्याच पुढाकाराने 1952 मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचा समावेश झाला. फलटण येथील ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांचेच नाव सांगते. आज मुंबईतील शीव व नायर रुग्णालये तसेच नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथेही हे शिक्षण मिळते.

पात्रता कशी तपासावी?

या क्षेत्रातील मूळ पदवी ‘बॅचलर ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’ (बीओटी) ही असून पदव्युत्तर पदवी ‘एमओटी’ आहे. अल्पमुदतीचे प्रमाणपत्र म्हणजे ही पदवी नव्हे. महाराष्ट्र व दिल्लीत नोंदणीसाठी स्वतंत्र परिषदांचे कायदे झाले. संसदेने 2021 मध्ये केलेल्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्यातही या व्यवसायाचा समावेश आहे. त्यामुळे तज्ज्ञाची पदवी, विद्यापीठ आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये.

पहिल्या भेटीत तज्ज्ञाने रुग्णाची सविस्तर तपासणी करून ठरावीक मुदतीची उद्दिष्टे सांगणे अपेक्षित आहे. समान तक्रारींचे रुग्ण त्याने हाताळले आहेत का, घरी करावयाचा सराव तो शिकवतो का, पालकांना उपचाराच्या वेळी उपस्थित राहू देतो का आणि प्रगतीची नोंद ठेवतो का, हेही पाहावे. ‘स्वमग्नता हमखास बरी करू’ असे आश्वासन मिळाल्यास सावध व्हावे. चुकीच्या हाती मुलाची सुरुवातीची वर्षे गेल्यास केवळ पैसा वाया जात नाही, शिकण्याचा मोलाचा काळही निसटतो.

फरीदाबादकरांसाठी पर्याय

उपचार करणाऱ्या अस्थिरोग, मेंदूविकार किंवा बालरोगतज्ज्ञाकडून शिफारसपत्र घेणे हा सोपा मार्ग आहे. राज्य कामगार विमा योजनेतील कामगारांनी शहरातील ईएसआयसी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात चौकशी करावी. दिल्लीतील पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय शारीरिक दिव्यांगजन संस्थेत बीओटीचे शिक्षण दिले जाते. फरीदाबादहून मेट्रोच्या व्हायोलेट मार्गाने आयटीओ स्थानकावर उतरून तेथे जाता येते. जाताना डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि रुग्णाला न जमणाऱ्या दैनंदिन कामांची यादी सोबत न्यावी. उपचाराची दिशा बहुतांशी याच यादीवरून ठरते.