कूटबद्ध वेबवाहतुकीची तपासणी

ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील एचटीटीपीएस संभाषण उलगडून त्यातील घातक मजकूर शोधण्याची अँटिव्हायरसमधील सोय. पुण्यात संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायातून कैलास व संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात क्विक हील हे अँटिव्हायरस उभे केले, तेव्हा विषाणू मुख्यतः फ्लॉपीतून पसरत. आता बहुतेक वेबवाहतूक कूटबद्ध असल्याने ते तिच्याच आडून येऊ शकतात. ते दिसावेत म्हणून अँटिव्हायरस स्वतःचे मूळ प्रमाणपत्र संगणकात बसवतो, मजकूर उलगडून तपासतो आणि आपल्या प्रमाणपत्राने पुन्हा कूटबद्ध करून ब्राउझरला देतो. खरा धोका इथेच आहे. बँकेच्या संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र पारखण्याचे ब्राउझरचे काम या मध्यस्थाकडे जाते आणि त्याची पारख कच्ची असू शकते. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर आधीच बसवलेली सुपरफिश ही जाहिरात-प्रणाली हेच तंत्र वापरत असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. त्या सर्व यंत्रांत तिच्या प्रमाणपत्राची एकच खासगी किल्ली होती. ती मिळवणाऱ्याला बनावट बँक-संकेतस्थळ खरे भासवता आले असते. घरगुती संगणकावर, ब्राउझर अद्ययावत असल्यास, ही सोय बंद ठेवणेच इष्ट. डाउनलोड केलेली फाइल डिस्कवर येताच अँटिव्हायरस तपासतोच. कार्यालयांनी ही सोय चालू ठेवल्यास बँकांची संकेतस्थळे वगळावीत आणि कर्मचाऱ्यांना पूर्वकल्पना द्यावी.