धातूचा घड्याळपट्टा

धातूचा घड्याळपट्टा म्हणजे मनगटी घड्याळ हाताला बांधण्यासाठी धातूच्या लहान कड्या एकमेकींत गुंफून तयार केलेला पट्टा होय. मराठी बोलीत त्यास सर्रास 'चेन' म्हणतात. 'पट्टा' हा शब्द बहुधा चामड्याच्या, कापडी किंवा रबरी पट्ट्यासाठी राखून ठेवला जातो. धातूचा पट्टा नीट बसण्यासाठी त्याची रुंदी, टोकाच्या कडीची वक्रता आणि जोडणाऱ्या स्प्रिंग पिनेची जाडी या तीन गोष्टी त्या विशिष्ट घड्याळाशी जुळाव्या लागतात. यांपैकी एक जरी चुकली, तरी पट्टा वरकरणी बसल्यासारखा दिसतो. परंतु पिन निसटून घड्याळ खाली पडण्याचा धोका कायम राहतो.

इतिहास

पुरुषांमध्ये मनगटी घड्याळांचा वापर पहिल्या महायुद्धाच्या काळात वाढला. त्या काळातील अनेक घड्याळांना तारेचे पक्के कान डाख देऊन जोडलेले असत व त्यांतून चामड्याचा पट्टा ओवला जाई. पुढे कानांमध्ये काढता-घालता येणारी स्प्रिंग पिन रूढ झाली आणि पट्टा बदलणे सोपे झाले. जिनिव्हा येथील गे फ्रेर ही कंपनी अनेक स्विस घड्याळ कंपन्यांना धातूचे पट्टे पुरवत असे. १९९८ मध्ये रोलेक्सने ती विकत घेतली. रोलेक्सचा पाच ओळींच्या कड्यांचा 'ज्युबिली' पट्टा १९४५ मध्ये 'डेटजस्ट' या घड्याळाबरोबर, तर तीन ओळींचा 'प्रेसिडेंट' पट्टा १९५६ मध्ये 'डे-डेट' या घड्याळाबरोबर आला. १९५९ मध्ये अमेरिकेतील स्पायडेल कंपनीने ताणून हातात घालता येणारा 'ट्विस्ट-ओ-फ्लेक्स' हा लवचीक पट्टा बाजारात आणला. १९७२ मध्ये ओदमार पिगे या कंपनीच्या, जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेल्या 'रॉयल ओक' या घड्याळात घड्याळाचे घर आणि पट्टा एकसंध दिसतील अशी रचना करण्यात आली. अशा एकसंध रचनेच्या घड्याळांना सहसा त्यांच्याच नमुन्यासाठी बनवलेला पट्टा लागतो.

रचना व भाग

घड्याळाच्या घराला १२ व ६ या अंकांच्या बाजूंना दोन-दोन कान असतात. कानांच्या आतल्या अंगास लहान छिद्रे असतात. पट्ट्याचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत.

स्प्रिंग पिन : ही एक बारीक नळी असते. तिच्या आत स्प्रिंग असून दोन्ही टोके दाबली असता आत जातात व सोडली असता बाहेर येऊन कानांच्या छिद्रांत अडकतात.

टोकाची कडी : घराच्या गोलाईला चिकटून बसणारी ही कडी दोन प्रकारची असते. पोकळ कडी पत्रा दुमडून केलेली, वजनाला हलकी व लवकर वाकणारी असते. भरीव कडी मजबूत असते; मात्र तिचे माप तंतोतंत जुळावे लागते.

मधल्या कड्या : यांपैकी काही कायमच्या जोडलेल्या, तर काही काढता येण्याजोग्या असतात. काढता येणाऱ्या कड्यांच्या आतील बाजूस बहुधा बाण कोरलेला असतो.

कडीपिना : कड्या जोडण्यासाठी दुभंगलेल्या टोकाची पिन, बारीक नळीत घट्ट बसणारी पिन किंवा स्क्रू यांपैकी एक पद्धत वापरली जाते.

बक्कल : पट्टा उघडण्या-मिटण्याची ही दुमडणारी रचना होय. अनेक बकलांच्या कडेला लांबी थोडी कमी-जास्त करण्यासाठी छिद्रांची ओळ असते.

धातू

पट्ट्यांसाठी बहुतांशी ३१६एल या प्रतीचे पोलाद वापरले जाते. रोलेक्स ९०४एल ही गंजास अधिक विरोध करणारी प्रत वापरते. टायटॅनियम पोलादापेक्षा बराच हलका असतो आणि त्यापासून त्वचेला त्रास होण्याची शक्यता कमी असते. हलक्या प्रतीच्या मुलामा दिलेल्या पट्ट्यांतील निकेलमुळे काहींच्या मनगटावर खाज व पुरळ उठते. युरोपीय संघाच्या नियमानुसार त्वचेला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूंतून दर आठवड्याला दर चौरस सेंमी मागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निकेल सुटू नये.

योग्य भागांची निवड

प्रथम दोन कानांमधील आतले अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजतात. १८, २० व २२ मिमी ही मापे विशेष प्रचलित आहेत. १९ व २१ मिमी मापांची घड्याळेही आढळतात. या घड्याळांत एका मिमीचा फरक डोळ्यांना जाणवत नाही. १९ मिमी अंतरासाठी १८ मिमी पट्टा घेतल्यास तो आडवा सरकत राहतो आणि पिनेची टोके छिद्रांत पुरेशी खोल जात नाहीत. पिनेची लांबीही कानांमधील अंतराएवढीच निवडतात.

रुंदी जुळली म्हणजे टोकाची कडी जुळेलच असे नाही. घराचा व्यास, कानांची लांबी आणि छिद्राची जागा प्रत्येक नमुन्यात वेगळी असते. त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच रुंदीच्या दोन घड्याळांच्या वक्र कड्यादेखील अदलाबदल करता येतीलच असे नाही. घर आणि कडी यांत फट राहणे, किंवा कडी जोर देऊन दाबावी लागणे, ही दोन्ही कडी चुकीची असल्याची चिन्हे होत. नेमकी वक्र कडी न मिळाल्यास सरळ टोकाचा पट्टा हा सुरक्षित पर्याय ठरतो. त्यात फट दिसते, पण कानांवर ताण येत नाही.

पिनेची जाडी हा सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. साधारण पिना १.५ ते १.८ मिमी जाडीच्या असतात, तर सेकोच्या अनेक पाणबुडी घड्याळांत २.५ मिमी जाडीची पिन वापरलेली असते. जाड पिनेसाठी केलेल्या कडीत बारीक पिन घातल्यास ती आत खडखडते, आणि कानाच्या मोठ्या छिद्रात तिचे बारीक टोक हलत राहून हळूहळू छिद्र व टोक दोन्ही झिजतात.

बसवण्याची पद्धत

घड्याळ मऊ कापडावर काच खाली करून ठेवतात व चरे पडू नयेत म्हणून कानांना कागदी चिकटपट्टी लावतात. पिन-टूलचे दुहेरी टोक मागील बाजूने कडी आणि कान यांच्यामध्ये घालून पिनेचा खांदा आत दाबला जातो. कानांना आरपार छिद्रे असल्यास बाहेरून टोकदार सुईनेही पिन दाबता येते. पिन उडून डोळ्याला लागू शकते, म्हणून चष्मा लावणे व काम ताटलीवर करणे श्रेयस्कर असते.

नवी पिन टोकाच्या कडीतून ओवून तिचे एक टोक छिद्रात बसवतात, दुसरे दाबून कडी जागेवर सरकवतात. 'टक्' असा आवाज आला तरी तो पुरावा मानला जात नाही. पट्टा दोन्ही बाजूंनी ओढून व किंचित पिळून पाहावा लागतो. आरपार छिद्रांत पिनेचे टोक डोळ्यांनी दिसते. या कामात घड्याळाचे घर उघडले जात नाही, त्यामुळे पाणीरोधकतेवर परिणाम होत नाही.

लांबी कमी करणे

कड्या बकलाच्या दोन्ही बाजूंनी शक्यतो सारख्या काढतात, जेणेकरून बक्कल मनगटाच्या खाली मध्यभागी येईल. दुभंगलेल्या टोकाची पिन बाणाच्या दिशेने ठोकून बाहेर काढतात. परत घालताना ती बाणाच्या उलट दिशेने, अखंड टोक पुढे ठेवून घालतात. नळी असलेल्या प्रकारात कडी सुटताच बारीक नळी घरंगळते. ती न घालता पट्टा जोडला, तर पिन धरून ठेवणारे काही उरत नाही आणि ती काही दिवसांत सरकून बाहेर येते. स्क्रू असल्यास नेमक्या रुंदीचा पेचकस वापरतात. पट्टा व मनगट यांच्यात करंगळी सहज जाईल एवढी सैल जागा सामान्यतः योग्य मानली जाते. उन्हाळ्यात मनगट किंचित फुगते, हेही ध्यानात घ्यावे लागते. काढलेल्या कड्या व पिना जपून ठेवल्या जातात.

झीज व निगा

एकाच लांब तुकड्याचा कापडी पट्टा दोन्ही पिनांखालून जात असल्याने एक पिन निसटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहते. धातूच्या पट्ट्यात हा आधार नसतो. एक पिन गेली की घड्याळ हातातून सुटते. म्हणूनच पट्टा बदलताना वाकलेल्या, गंजलेल्या किंवा स्प्रिंग मंदावलेल्या पिना पुन्हा वापरत नाहीत. किमतीने अत्यल्प असलेल्या या भागावर संपूर्ण घड्याळाची सुरक्षितता अवलंबून असते.

घाम व धूळ कड्यांच्या सांध्यांत साचून घासकामाच्या पुडीसारखे काम करतात; त्यामुळे पिना झिजून पट्टा 'ताणल्या'सारखा लोंबू लागतो. कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ ब्रश यांनी अधूनमधून धुतल्यास ही झीज मंदावते. धुण्यापूर्वी घड्याळ पाणीरोधक नसल्यास पट्टा वेगळा काढतात.

भारतातील स्थिती

हिंदुस्थान मशीन टूल्स अर्थात एचएमटी या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे घड्याळनिर्मिती सुरू केली. टायटन कंपनीची स्थापना १९८४ मध्ये झाली. एचएमटी वॉचेस ही उपकंपनी बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजुरी दिली. नोकरीतील पहिल्या पगारातून घेतलेली किंवा लग्नात मिळालेली एचएमटीची घड्याळे आजही अनेक मराठी घरांत वडिलोपार्जित ठेव म्हणून जपली जातात. त्यांना हुबेहूब मूळ पट्टा मिळणे अवघड असते. अशा वेळी कानांमधील अंतर मोजून त्याच मापाचा सरळ टोकाचा पट्टा व नव्या पिना घेणे हा मार्ग अवलंबला जातो. दुसऱ्या घड्याळाची वक्र कडी बसावी म्हणून कान घासणे किंवा छिद्र मोठे करणे टाळले जाते, कारण पट्टा पुन्हा बदलता येतो. घासलेला कान मात्र पूर्ववत होत नाही.