एकत्वाची मराठी वाट : शेख महंमद श्रीगोंदेकर

सर्व धर्म शेवटी एकच सांगतात, हे वाक्य आपल्याकडे सभासमारंभांतून इतक्या सहजतेने उच्चारले जाते की त्याला काही किंमत मोजावी लागत असेल, अशी शंकाही येत नाही. इतिहास मात्र निराळे सांगतो. बगदादमध्ये इ. स. ९२२ साली मन्सूर अल् हल्लाज या सूफीला देहान्त शासन झाले. त्यामागे तत्कालीन राजकारण होतेच. पण स्वतःला 'सत्य' म्हणवून घेण्याचा आरोप त्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला. जर्मनीतील माइस्टर एकहार्ट या ख्रिस्ती धर्मोपदेशकाची अठ्ठावीस विधाने पोपने १३२९ मध्ये पाखंडी वा संशयास्पद ठरवली. एकत्वाचा विचार हा कधीच केवळ सौजन्याचा विचार नव्हता. भक्त आणि भगवंत यांच्यात अंतरच उरले नाही, तर त्या अंतराची राखण करणाऱ्यांचे काय, हा त्यातला खरा बोचरा प्रश्न होता.

हाच प्रश्न मराठीत सतराव्या शतकात शेख महंमद यांनी विचारला. 'ज्ञानेश्वरी' आणि 'गाथा' यांच्या तुलनेत त्यांचा 'योगसंग्राम' फारच थोडे वाचतात. म्हणून त्यांची ओळख येथे थोडी विस्ताराने करून देणे आम्हांस आवश्यक वाटते.

शेख महंमद मूळचे वाहिऱ्याचे. पुढे ते श्रीगोंद्यास स्थायिक झाले. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी त्यांना तेथे मठ बांधून दिला, असे परंपरा सांगते. त्यांचे गुरू चांद बोधले हे कादरी परंपरेतील सूफी. याच चांद बोधल्यांकडे देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांचेही गुरुपद जाते, आणि जनार्दनस्वामींचे शिष्य म्हणजे पैठणचे एकनाथ. पारंपरिक चरित्रांत जनार्दनस्वामींचे गुरू साक्षात दत्तात्रेय आहेत आणि ते एकनाथांना मलंगाच्या वेषात दर्शन देतात. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ही मलंगाची खूण गांभीर्याने घेतली आणि तिच्यामागचा सूफी संबंध उलगडून दाखविला. चरित्रकारांनी फकिराला दत्तरूप दिले. पण त्याची वस्त्रे काही त्यांना बदलावीशी वाटली नाहीत. आमच्या मते मराठी संतपरंपरेच्या स्मृतीचा हा मोठा प्रामाणिकपणा आहे.

शके १५६७ मध्ये, म्हणजे इ. स. १६४५ साली, 'योगसंग्राम' पूर्ण झाला. अठरा प्रसंगांचा हा ओवीबद्ध ग्रंथ आहे. मनाला घोडा आणि आत्म्याला लढवय्या कल्पून विकारांशी चाललेले युद्ध त्यात रंगविले आहे. सूफींनी स्वतःच्या वासनांशी होणाऱ्या झुंजीला श्रेष्ठ युद्ध मानले होते. योगमार्गानेही इंद्रियजयाची भाषा केली होती. शेख महंमदांच्या ओवीत हे दोन प्रवाह असे मिसळतात की कोणता शब्द कुठून आला, हे शोधू जाणारा अभ्यासक थकून जातो. मात्र ते कुणाचेही लांगूलचालन करीत नाहीत. ढोंगी फकीर, पोटार्थी पंडित, नवसासाठी पशुबळी देणारे भाविक अशा सर्वांवर ते कोरडे ओढतात. स्वतःला ते 'अविंध', म्हणजे कान न टोचलेल्यांच्या कुळातला, म्हणवतात. आपला जन्म त्यांनी लपविला नाही आणि त्याचे भांडवलही केले नाही.

'योगसंग्रामा'नंतर दहा वर्षांच्या आसपास शाहजादा दारा शुकोह याने 'मज्मउल् बहरैन' या फारसी ग्रंथात सूफी आणि वेदान्ती संज्ञा शेजारीशेजारी मांडल्या. १६५७ मध्ये त्याने पन्नास उपनिषदांचा फारसी अनुवाद पुरा केला आणि १६५९ मध्ये तो मारला गेला. शाहजाद्याजवळ पंडितांचा ताफा होता. श्रीगोंद्याच्या फकिराजवळ ओवी होती. दाराने दोन भाषांमध्ये पूल बांधला. शेख महंमदांना पुलाची गरजच भासली नाही, कारण ज्या भाषेत ते विचार करीत होते, तीतच दोन्ही काठ होते.

मराठीत हे का साधले? आमच्या मते याचे एक कारण ज्ञानेश्वरांच्या 'अनुभवामृता'त आहे. शंकराचार्यांच्या अद्वैतात जग मिथ्या ठरते. ज्ञानेश्वरांना ते चैतन्याचा विलास वाटते. अंदलुसियात जन्मलेला इब्न अरबी (११६५-१२४०) जगाला परमेश्वराचे प्रकटीकरण मानतो. या दोघांचा परस्परांशी कसलाही संबंध दाखविता येत नाही. पण ज्या भाषेत चिद्विलास आधीच रुजला होता, तिला सूफी विचार परका वाटण्याचे कारण नव्हते.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. शब्द एक म्हणजे अनुभव एक, असे होत नाही. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ मधील 'क्रिस्तपुराणा'त ओवी आहे, वैकुंठ आहे, पुराणाची घडणही आहे. पण त्यांना जुनी पुराणे बाजूला सारून त्यांच्या जागी येशूची कथा स्थापायची होती. आल्डस हक्सलीने १९४५ मध्ये सर्व गूढवाद्यांचे एकच सनातन तत्त्वज्ञान असल्याचे मांडले. १९७८ मध्ये स्टीव्हन कॅट्झ यांनी अनुभव हा परंपरेच्या साच्यातूनच घडतो, असे त्याला उत्तर दिले. शेख महंमद या दोघांनाही पुरते हाती लागत नाहीत. त्यांच्याजवळ एक साचा नव्हता, दोन होते; आणि दोहोंची मर्यादा ते जाणत होते.

नवी मुंबईत, जेथे देवळालाही सिडकोचा आखीव भूखंड लागतो, तेथे आम्ही हा कवी शिकवू लागलो की वर्गातून पहिला प्रश्न हमखास येतो : ते हिंदू की मुसलमान? लोकपरंपरेने त्यांना कबीराचा अवतार मानले, रामदासांनी त्यांची स्तुती केली, श्रीगोंद्याला दोन्ही समाजांचे लोक माथा टेकत आले. तरीही त्या स्थानाला मंदिर म्हणावे की दर्गा, यावरून अलीकडच्या वर्षांत तेथे वाद पेटला आहे. मालकीचा निवाडा कागदपत्रे करतील. परंतु ज्या जागेवरून भांडण आहे, तेथे निजलेल्या माणसाने आयुष्यभर भांडण स्वतःच्या अहंकाराशी केले, हे तरी दोन्ही पक्षांनी वाचायला नको काय? एकत्वाचा जयघोष सोपा असतो. त्यासाठी अठरा प्रसंग लिहावे लागतात आणि निदान एकदा तरी वाचावे लागतात.