कलमाला मुळे फुटविणारे द्रव्य: एक शोध आणि एक भ्रम

चेन्नईच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची स्थापना 1835 मधली. जास्वंदीच्या फांदीचा तुकडा ओल्या मातीत खोचला की त्याला मुळे फुटतात, हे माळ्यांना तेव्हाही ठाऊक होते. ती का फुटतात, हे उलगडण्यास मात्र आणखी शंभर वर्षे लागली.

मुळे घडविणारे द्रव्य पानांत तयार होऊन खाली उतरत असावे, असा तर्क 1880 च्या सुमारास युलियस झाक्स यांनी मांडला. 1926 मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या अंकुरांचे शेंडे कापून अगारच्या तुकड्यांवर ठेवले. पुढे तेच तुकडे बिनशेंड्याच्या अंकुरांवर एका बाजूस बसवताच अंकुर वाकले. शेंड्यातून येणारा संदेश रासायनिक होता. त्याला ‘ऑक्झिन’ हे नाव मिळाले.

पण हे रसायन नेमके कोणते? उट्रेख्टच्याच फ्रिट्झ कोग्ल यांच्या प्रयोगशाळेने मानवी मूत्रातून ‘ऑक्झिन-ए’ आणि मक्याच्या तेलातून ‘ऑक्झिन-बी’ मिळाल्याचे जाहीर केले. 1934 मध्ये तेथेच मूत्रातून तिसरा, साधा रेणू हाती लागला: इंडॉल ॲसेटिक ॲसिड. पहिले दोन पाठ्यपुस्तकांत विराजमान झाले, तिसरा दुय्यम ठरला. मात्र ते पहिले दोन इतर कोणालाही पुन्हा मिळाले नाहीत. 1966 मध्ये जपून ठेवलेल्या नमुन्यांची आधुनिक उपकरणांनी तपासणी झाली, तेव्हा त्यांत भलतेच पदार्थ निघाले. खरा ठरला तो तिसराच.

तो टिकला, कारण तो कृत्रिमरीत्या बनवून कोणालाही तपासता येत होता. 1935 मध्ये अमेरिकेच्या बॉइस थॉम्प्सन संस्थेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी त्याचा अधिक टिकाऊ भाऊबंद, इंडॉल ब्युटिरिक ॲसिड, मुळे फुटविण्यास प्रभावी असल्याचे दाखवले. आज रोपवाटिकांत ‘रूटिंग हार्मोन’ म्हणून मिळणाऱ्या पावडरीत बहुधा हेच असते.

फांदी कापली की वरून वाहत येणारे ऑक्झिन कापाशी साचते. तेथील काही पेशी पुन्हा विभाजू लागतात आणि मुळांचे अंकुर घडतात. पावडर या साठ्यात भर घालते. कोवळ्या काडीस साधारण 1000 पीपीएम, म्हणजे किलोभर पावडरीत 1 ग्रॅम, पुरते. जून काडीस त्याहून अधिक लागते. मात्रा अती झाल्यास मुळांची वाढच खुंटते.

म्हणून या पावसाळ्यात दहा काड्यांना पावडर लावाल, तेव्हा शेजारी दहा काड्या पावडरीविनाही लावा. ‘ऑक्झिन-ए’ला अशी परीक्षा कधीच देता आली नाही.