राजघाटावरील शिक्षकांची तालीम

काशीस जाणारा मराठी यात्रेकरू पंचतीर्थीच्या निमित्ताने असीघाटापासून वरुणासंगमावरील आदिकेशवापर्यंत नावेने जातो खरा. परंतु रेल्वेचा पूल मागे पडताच डाव्या तीरावर जी उंच दरड लागते, आणि जिच्या लगत 1940 च्या सुमारास रेल्वेच्या खोदकामात प्राचीन काशीचे अवशेष निघाले, त्या राजघाटावर 1934 पासून एक प्रयोगशील शाळा नांदत आहे, याची त्यास सहसा वार्ता नसते.

शाळा तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींची, नाव मात्र ॲनी बेझंटबाईंचे. बाईंनी 1898 साली याच नगरीत स्थापिलेले सेंट्रल हिंदू कॉलेज पुढे हिंदू विश्वविद्यालयात विलीन झाले, आणि 1918 साली विश्वविद्यालयाने कमच्छा येथे अध्यापकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय उघडले. अशा महाविद्यालयांतून पाठाचे टाचण काढावयास शिकवितात, परीक्षा घेतात, सनद देतात. आणि ते आवश्यकच आहे.

राजघाटच्या शिक्षकाची अडचण मात्र त्या सनदेने सुटणारी नव्हती. जेथे छडी नाही, बक्षीस नाही, एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करून त्यास हिणविण्याची वा चढविण्याची मुभा नाही, तेथे वर्गात उभ्या राहणाऱ्या मनुष्यापाशी स्वतःच्या अंतःकरणाखेरीज दुसरे साधन उरत नाही. आणि तो मनुष्य तर बहुधा छडीच्याच शाळेत वाढलेला, पहिल्या नंबरासाठी झुरलेला असतो. त्याची तालीम व्हावयाची ती तेथून. म्हणून हिवाळ्यात मुक्कामास आले म्हणजे कृष्णमूर्ती मुलांशी बोलत, तसेच शिक्षकांसही घेऊन बसत. राजघाट व त्यांची दुसरी शाळा ऋषी व्हॅली येथील ही संभाषणे 1974 साली ग्रंथरूपाने निघाली. त्यांतील शिक्षकांच्या भागाची प्रकरणे चाळली तर विषय आढळतात ते भय, स्पर्धा, शिकविणे आणि शिकणे, फुलणे असे. गणित वा भूगोल कसा शिकवावा, याचे प्रकरण नाही. 1978 च्या सप्टेंबरापासून तर दर पंधरवड्यास त्यांचे एक पत्र त्यांच्या सर्व शाळांकडे जाऊ लागले. शिक्षकाचे उच्च शिक्षण ज्यास म्हणावे, ते मला या बैठकींत दिसते. मात्र त्याचा अभ्यासक्रम बांधता येत नाही, आणि 1986 साली कृष्णमूर्ती गेल्यावर ते शिक्षकांनी आपसांतच चालविणे प्राप्त झाले.

कृष्णमूर्तींच्या या परिवारात आपले अच्युतराव पटवर्धन होते. अहमदनगरच्या थिऑसफिस्ट वकिलाचा हा मुलगा सेंट्रल हिंदू कॉलेजात शिकला आणि तेथेच अर्थशास्त्र शिकवू लागला. बेचाळीसच्या चळवळीत ज्यास इंग्रज सरकारचे पोलीस अखेरपर्यंत पकडू शकले नाहीत, ज्याचे नाव साताऱ्याच्या प्रतिसरकाराशी कायमचे जोडले गेले, त्या पुरुषाने 1950 साली, मंत्रिपदे वाटली जात असतानाच्या दिवसांत, राजकारणाचा त्याग करून पुन्हा काशीत अध्यापन पत्करले, ही गोष्ट महाराष्ट्राने जितकी ध्यानात ठेवावयास हवी होती तितकी ठेविली नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते.

1992 साली अच्युतरावांनी काशीतच देह ठेविला. तीन वर्षांनी राजगुरुनगरजवळ तिवई टेकडीवर कृष्णमूर्ती फाउंडेशनची सह्याद्री शाळा सुरू झाली. अशा शाळेत शिकवावयास निघालेल्या मराठी तरुणांनी रुजू होण्यापूर्वी राजघाटची ती संभाषणे एकदा सावकाश वाचावीत.